अडीचला जाणारी लाइट

हे ताईला माहीत नाही. माझ्या बायकोला माहीत नाही. ज्याचं यात सगळ्यात जास्त नुकसान झालं त्याला माहीत आहे, पण ते मी सांगितलं म्हणून नाही, त्याचं त्याला कळलं म्हणून. माझ्या तोंडून हे आज पहिल्यांदा बाहेर पडतंय, आणि तेही तुमच्यासमोर — कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसांसमोर खरं बोलायला जी छाती लागते ती माझ्याकडे कधी नव्हती.

पण एक आधीच सांगतो. मी इथे नाक घासायला बसलेलो नाही. या प्रकरणात मी दोन गोष्टी केल्या. त्यातल्या एकीची मला तिळमात्र लाज वाटत नाही. उद्या तीच वेळ आली तर मी तेच करीन. दुसरीची वाटते. तुम्ही दोन्हींची खिचडी कराल, म्हणून सावकाश सांगतो.

माझी मोठी बहीण गिटार वाजवते. गिटार म्हटल्यावर कॉलेजच्या गॅदरिंगमधला झुलपं वाढवलेला मुलगा तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, तर त्याला आधी खाली बसवा. ही वेगळी गिटार. नायलॉनच्या तारा, बोटांच्या नखांनी वाजवायची, डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेऊन, ताठ बसून. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत. नाशिकरोडला आमच्या लहानपणी फर्नांडिस सर होते, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे ती अकराव्या वर्षी शिकायला गेली आणि पुढे पंचवीसेक वर्षं जातच राहिली. सकाळी शाळेत चित्रकला शिकवायची, संध्याकाळी सरांकडे. लग्न जमलं नाही — तिने जमू दिलं नाही म्हणा. उजव्या हाताची नखं वाढवलेली, डाव्या हाताची कापलेली, आणि ती वाढवलेली नखं रोज बारीक पॉलिश पेपरने घासायची. नात्यातल्या बायका खवचटपणे विचारायच्या, कणीक कशी मळतेस गं? ती सांगायची, डाव्या हाताने. आणि खरोखरच डाव्या हाताने मळायची. पोळ्या बेताच्याच व्हायच्या.

तिचं वाजवणं ऐकायला होतं कोण? गाण्याचे दर्दी नाशकात पायलीचे पन्नास, पण ही गिटार कोणाच्या खिजगणतीत नव्हती. नाताळात चर्चमध्ये एकदा, शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा. बाकी वर्षभर सर आणि ती. सरांनी स्वतः चार रचना केल्या होत्या. त्या त्यांनी कागदावर कधी उतरवल्या नाहीत. सरांच्या बोटांत होत्या, आणि मग ताईच्या बोटांत. तेवढ्याच.

नव्वदचं दशक संपत आलेलं असताना, एका पावसाळ्यात सर गेले. त्यांची गिटार स्पेनमध्ये बनलेली, बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने त्यांना आणून दिलेली. सर आजारी पडल्यापासून ती ताईकडेच होती. सरांच्या मुलाचं ऑस्ट्रेलियाहून पत्र आलं: नाताळात येतोय, घर विकायचं आहे, डॅडींची गिटार नेईन. त्याचं काही चुकलं नव्हतं. बापाची वस्तू, मुलगा नेणारच. पण ताईने ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून डब्यात ठेवलं आणि मला म्हणाली की नाताळाच्या आत एक कॅसेट करायची. सरांनी शिकवलेले पाच तुकडे आणि सरांचे स्वतःचे चार. याच गिटारवर.

उभ्या आयुष्यात ताईने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. माझं शिक्षण तिच्या पगारावर झालं होतं, हेही सांगून टाकतो. सबब म्हणून नाही. खरं आहे म्हणून.

आधी आम्ही एका स्टुडिओत गेलो. भक्तिगीतांच्या आणि खानदेशी गाण्यांच्या कॅसेटी तिथे निघायच्या. भिंतींना गालिचे, छताला अंड्यांचे ट्रे. ताईने पहिला सूर लावला आणि हात काढून घेतला. गिटारचा आवाज त्या गालिच्यांनी गिळूनच टाकला होता. मालक म्हणाला, काळजी करू नका, नंतर इको टाकू. ताईने गिटार पेटीत ठेवली, ती रिक्षात बसली आणि रिक्षावाल्याला जेल रोडला सरांच्या घरी घ्यायला सांगितलं. किल्ली तिच्याकडेच होती.

सरांची खोली म्हणजे शहाबादी फरशी, उंच छत, उघड्या भिंती. तिथे ती गिटार बोलायची. ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळणाऱ्या माझ्या एका मित्राने बॅटरीवर चालणारं रेकॉर्डिंगचं मशीन महिनाभरासाठी दिलं. झालं तर मग? कुठलं काय. सरांच्या घरामागे पिठाची गिरणी. तिला लागून खिडक्यांच्या जाळ्या बनवणारं वर्कशॉप. आजूबाजूच्या प्रत्येक घरात पाणी खेचायची मोटर. पहिल्या चार दिवसांचं रेकॉर्डिंग ऐकलं तर गिटारच्या प्रत्येक मोकळ्या जागेत बाजरी दळली जात होती. रात्री करा, असं मित्र म्हणाला. रात्री वर्कशॉपवाला मालगाडी रिकामी केल्यासारखा लोखंड उतरवायचा आणि समोरच्यांचा कुत्रा त्याला साथ द्यायचा.

आता माझं काम सांगतो. मी वीजखात्यात सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. सबस्टेशनातून निरनिराळ्या वस्त्यांना वीज नेणाऱ्या लाइनी निघतात, त्यांना आम्ही फीडर म्हणतो. जेल रोडचा तो भाग एका फीडरवर होता. त्याचा ब्रेकर माझ्या खुर्चीपासून सहा पावलांवर. तो पाडला की गिरणी बंद, वर्कशॉप बंद, मोटरी बंद, टीव्ही बंद. राहतं फक्त माणसांचं बोलणं, आणि दुपारी अडीचला माणसंही झोपलेली असतात.

तुम्हाला कळलंच. हो, मी पाडला. अकरा दुपारी, अडीच ते साडेतीन. त्या फीडरवर दवाखाना नव्हता, हे मी आधी पाहून घेतलं होतं. ताईला सांगितलं की सध्या सरांच्या भागात मेंटेनन्स चालू आहे, अडीचला लाइट जाईल, तयार राहा. तिने विश्वास ठेवला. लाइट गेली की ती मशीन चालू करायची आणि वाजवायची. मी इकडे सबस्टेशनात बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, आता दुसरा भाग असेल, आता शेवट आला असेल. त्यातला एकही सूर मी समोर बसून ऐकलेला नाही.

तर ही पहिली गोष्ट. हिची मला लाज वाटत नाही. डब्यात बाजरी घेऊन बाया तासभर ताटकळल्या, वर्कशॉपच्या जाळ्या एक दिवस उशिरा गेल्या. मग? लग्नाच्या वरातीसाठी रस्ता बंद होतो, पुढारी आला की चौक बंद होतो, तेव्हा कोण जाब विचारतं? एका बाईने पंचवीस वर्षं जपलेलं अकरा तास ऐकू यावं म्हणून गिरणी थांबली, तर आभाळ कोसळलं का? ती कॅसेट ऐका. सरांच्या तिसऱ्या रचनेच्या शेवटी एक सूर तुटतो आणि पुढची तार छेडण्याआधी जी शांतता आहे ना — ती मी केली आहे. त्या शांततेबद्दल मी कोणाचीही माफी मागणार नाही.

आता दुसरी.

फीडर कोणी आपल्या मर्जीने बंद करू शकत नाही. कागद लागतो. लाइनमनला खांबावर चढायचं असेल तर तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. परमिट म्हणजे एक छापील फॉर्म: कोण, कुठे, कशासाठी लाइन बंद करून मागतोय, आणि खाली लाइनमनची सही. तो काम संपवून परमिट परत करेपर्यंत ऑपरेटरने ब्रेकरला हात लावायचा नाही. खांबावरच्या माणसाचा जीव त्या सहीवर असतो. नियम असा. आणि रीत? सबस्टेशन एका टोकाला, बिघाड दुसऱ्या टोकाला, लाइनमनकडे सायकल. दर वेळी सहीसाठी कोण येणार? म्हणून लाइनमन सवडीने दहा-वीस कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायचे. कामाच्या वेळी फोन करायचे, बाकीचं ऑपरेटर भरायचा. सगळीकडे हेच चालायचं. ज्या ऑपरेटरच्या हाती जीव सोपवता येईल, त्याच्याकडेच लाइनमन असे कोरे कागद ठेवायचा.

खंडूने माझ्याकडे ठेवले होते.

खंडू वणीकडचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मला भाऊ म्हणायचा. काटक, कमी बोलणारा, खांबावर चढला की खालच्या माणसाला शिट्टी वाजवत सूचना देणारा. आमच्या घरचं मीटर त्यानेच बसवलं होतं. ताईच्या हातची जाड पोळी त्याने न कुरकुरता खाल्ली होती. लोक दिवाळीला लाइनमनच्या हातात काहीतरी ठेवतात, खंडू तेही घ्यायचा नाही. मिठाई असेल तर पोरीसाठी एक तुकडा, बस. आमच्या सेक्शनला त्याच्या या हट्टाची चेष्टा व्हायची.

मी त्याचे फॉर्म वापरले. फीडरचं नाव, वेळ अडीच, कारण: तारांवरच्या फांद्या छाटणे. एकदा नाही, अकरा वेळा. एवढ्या फांद्या त्या रस्त्यावर तरी होत्या का?

शेवटच्या दुपारी खंडू रजेवर होता. पुतणीच्या लग्नाला गावी गेला होता. मला ते आठवलं नाही, आणि मी त्याच्या नावाचा फॉर्म भरला...

थांबा. हे खोटं आहे. मी स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आलोय, म्हणून हात आपोआप तसं लिहून गेला. मला आठवत होतं. आदल्या दिवशी तो स्वतः सांगून गेला होता. पण सरांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, शेवटची रचना राहिली होती आणि दुसऱ्या कोणाच्या सहीचा फॉर्म माझ्याकडे नव्हता. मी विचार केला, कोण बघतंय?

गिरणीवाल्या बाईंनी बघितलं. रोज अडीचला लाइट जाते आणि आमची गिऱ्हाइकं पलीकडच्या रस्त्यावरच्या गिरणीत जातात, असा लेखी अर्ज त्यांनी दिला. पलीकडची गिरणी दुसऱ्या फीडरवर होती, तिची लाइट जायची नाही. साहेबांनी परमिटं मागवली. अकराच्या अकरा खंडूच्या सहीची. त्यातलं एक तो रजेवर असतानाचं.

साहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. आधी मला विचारलं. रजेवरच्या माणसाचं परमिट कसं दिलं? मी म्हणालो, "फोन आला होता साहेब. आवाज त्याचाच वाटला."

एवढंच वाक्य. आवाज त्याचाच वाटला. मी खंडूवर आरोप केला नाही, शपथ घेतली नाही, फक्त हे बोललो. यापेक्षा भित्रं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही, आणि ते बोलताना जीभ अडखळली नाही, हे तर त्याहून वाईट.

खंडूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बिघाड कुठे आहे ते शोधताना तो तारेकडे जसा बघायचा, तसा. कोऱ्या फॉर्मवर सह्या ठेवायची रीत साहेबांनाही ठाऊक होती, पण ती कागदावर कोणी आणत नसे; खंडू ती लेखी जबाबात मांडू शकला असता. मग त्याच्याबरोबर सेक्शनचे सगळेच लाइनमन अडकले असते. तो साहेबांकडे वळून म्हणाला, "सह्या माझ्याच हायेत, साहेब. बाकी मला काय म्हाइत नाय."

मग निष्कर्ष निघाला. पलीकडच्या गिरणीवाल्याकडून पैसे खाऊन खंडू अलीकडची लाइट बंद करवायचा. दिवाळीची मिठाई न घेणारा खंडू! त्याची वेतनवाढ थांबवली आणि बदली सुरगाण्याकडे केली, जिथे पावसाळ्यात घाटातली लाइन रोज कुठेतरी पडते. पण बदलीचं काय, बदल्या होतच असतात. त्याचं नाव गेलं. ज्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता, तीच गेली. "मलिदा खंडू" हे नाव सेक्शनला त्याच महिन्यात पडलं.

कॅसेट उन्हाळ्यात आली. ताईने आतल्या कागदावर सरांचे, माझ्या मित्राचे आणि माझे आभार मानले, आणि शेवटी गमतीने एक ओळ टाकली: "जेल रोडला दुपारी अडीचला न चुकता जाणाऱ्या लाइटचेही आभार." सेक्शनला मी पेढ्यांबरोबर कॅसेटी वाटल्या. पेढे सगळ्यांनी खाल्ले, आतला कागद कोणी उघडला नाही. गिटार तर तोवर ऑस्ट्रेलियात पोहोचली होती.

पुढे काही वर्षांनी लोडशेडिंग आलं. गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसायच्या आणि खाली घरात पंखा बंद. रोज तास न् तास सगळं शहर गप्प. ती शांतता फुकट मिळत होती, कोणाची सही लागत नव्हती. मला हसू यायचं. खरं सांगतो, यायचं.

त्याच काळात बायकोबरोबर मी गडावर देवीला गेलो होतो. परतताना वणीच्या स्टँडवर चहा घेत होतो, तर समोर खंडू. निवृत्त झाला होता, केस पांढरे, बाकी तसाच. घरी चला म्हणाला. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. घर जवळच होतं. बायको आत त्याच्या मंडळींशी बोलत बसली, आम्ही दोघं ओट्यावर. खिडकीत टेपरेकॉर्डर होता आणि त्यावर ताईची कॅसेट.

पोरीने नाशकात कोणाकडे पाहिली आणि ताईंचं नाव वाचून मागून आणली, असं त्याने सांगितलं. आतला कागदही पोरीने वाचून दाखवला होता. सगळा.

त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "ताई लय चांगलं वाजवत्यात. मला त्यातलं काय कळत नाय, पण आमी रोज लावतो." आणि कपातल्या चहाकडे बघत, "मला सांगायचं ना भाऊ. ताईला वाजवायचंय, तासभर लाइन बंद पायजे, येवढंच म्हनायचं. मी खरंच खांबावर चढून बसलो असतो. त्या लाइनीच्या खांबांवरचे जंपर तसेबी बदलायचेच होते."

त्यात टोमणा नव्हता. मी खूप शोधला, नव्हता.

आणि हे मला सुचलं का नव्हतं? याचं उत्तर मला माहीत आहे. खंडू नाही म्हणेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं की लाइनमनला गिटारमधलं काय कळणार. त्याच्या सहीवर विसंबायला तो मला चालला. ज्यासाठी ती सही वापरायची, ते सांगण्याच्या लायकीचा वाटला नाही. कागद चोरण्याआधी मी हे केलं होतं.

त्या ओट्यावर मी माफी मागितली नाही. चहा प्यालो, द्राक्षांना यंदा भाव कसा आहे ते विचारलं आणि एस.टी. पकडली.

गेल्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. जेवणं झाल्यावर जुने किस्से निघाले आणि कोणीतरी मलिदा खंडूचा किस्सा सांगितला. फांद्या नसलेल्या रस्त्यावर अकरा दिवस फांद्या छाटणारा लाइनमन. सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने हसलो, कारण न हसणारा मी एकटाच उरलो असतो.

हसून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. ताई हे वाचेल. वाचू दे. तिचं वाजवणं यामुळे कणभर कमी होत नाही. माझ्या पेन्शनचं कोणाला काही करायचं असेल तर तेही करू दे. सह्या खंडूच्या होत्या, अक्षर माझं आहे, कागद अजून कुठल्यातरी कपाटात असतील. त्या अकरा नोंदी मी आज दुरुस्त करतो.

फीडर: जेल रोड. वेळ: दुपारी अडीच ते साडेतीन. कारण: गिटार. परमिट मागणारा: कोणी नाही. फोन: आला नव्हता. बंद करणारा: मी.